डिलाय रोडचं माझं आजोळ

वर्गातल्या सगळ्या पोरींचं आजोळ खेड्यात. कुणाची विहीर, कुणाची आमराई. आमचं उलटं. आम्ही कऱ्हाडचे आणि आजोळ मुंबईत, डिलाय रोडच्या बीडीडी चाळीत. पाटीवर ना. म. जोशी मार्ग असं लिहिलेलं असलं तरी आबा शेवटपर्यंत डिलाय रोडच म्हणाले, म्हणून मीही तेच म्हणते.

गेल्या मे महिन्यात पुन्हा गेले. महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी दादर, तिथून धिमी लोकल, परळनंतर करी रोड. लहानपणी मात्र रातराणी एसटीने यायचो. आईच्या मांडीवर काकवीची बरणी आणि पायाशी शेंगांचं गाठोडं. चेंबूरच्या बाजूला आभाळात कारखान्याची ज्योत दिसली की आई आम्हाला हलवून उठवायची, ओल्या रुमालाने तोंड पुसायची आणि भर गाडीत वेण्या घालायची. आजीसमोर लेकरं पारोशी दिसायला नकोत.

गव्हर्नर लॉईड यांच्या कारकिर्दीत, १९२० साली, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं. त्या खात्याने बांधल्या म्हणून या बीडीडी चाळी. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, मधून लांबलचक अंधारा पॅसेज. डिलाय रोडला अशा ३२ इमारती. खोली १६० चौरस फुटांची, त्यातच मोरी आणि वर माळा. त्या एवढ्याशा जागेत आबा, आजी, दोन मामा, सुट्टीत आम्ही चौघं, आणि शिवाय आजीची खाणावळ!

गिरणगावात तेव्हा अशा घरगुती खाणावळी जागोजागी होत्या. बायकामुलं गावाला ठेवून आलेले गिरणीकामगार एकेका गाळ्यात पंचवीस-तीस जण राहायचे. एक पाळीवरून आला की दुसऱ्याने उठलेल्या जागेवर पथारी टाकायची. त्यांच्या जेवणाची सोय या बायका करायच्या. आजीकडे चौदा मेंबर होते, बहुतेक आमच्याच भागातले.

मी माळ्यावर झोपायचे. पहाटे चारला स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज यायचा आणि मी पालथी होऊन खाली बघत राहायचे. वरून आजीचा चेहरा दिसायचाच नाही. दिसायचा तिचा पांढरा भांग, परातीवर गोल फिरणारे दोन्ही हात आणि कोपरापर्यंत चिकटलेलं पीठ. भाकरी थापताना बांगड्या वाजू नयेत म्हणून ती त्या वर सरकवून ठेवायची, पोरं झोपलीत म्हणून. भिंतीशी डबे मांडलेले. आजीला अक्षरओळख नव्हती. प्रत्येक डब्याच्या कडीला तिने गिरणीतल्या सुताचा वेगळ्या रंगाचा तुकडा बांधला होता. लाल सुताला तिखट कमी, हिरव्याला भाकरी तीन, पिवळ्याचा सोमवार. एकदाही चूक झालेली मला आठवत नाही.

आबा गिरणीच्या साचेखात्यात होते, म्हणजे कापड विणायच्या मागांवर. शेकडो साचे एका वेळी चालायचे, धोटे आपटायचे. त्या गदारोळात कामगार एकमेकांशी ओठांवर बोलायचे. तीस वर्षांत आबांचे कान गेले, पण समोरच्याचे ओठ ते सहज वाचायचे. आजीही ते शिकली होती. रात्री सगळी निजानीज झाली की ती मोरीपाशी बसून आवाज न काढता बोलायची आणि आबा मान हलवायचे. आठ माणसांच्या त्या खोलीत दोघांना एवढाच काय तो एकांत होता. आम्ही पोरं माळ्यावरून ते ओठ वाचायला धडपडायचो. मला आणि मामेभावाला (तो वरच्या मजल्यावर राहायचा) हळूहळू जमायला लागलं. पहिलं वाक्य मला कळलं ते असं: ‘परवा जाणार ही.’ आबांनी मान हलवली नाही. बराच वेळ नुसते तिच्याकडे बघत राहिले.

१८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आम्हाला कुणी काही समजावलं नाही. मे महिन्यात गेलो तेव्हा भिंतीशी चारच डबे होते. पुढच्या सुट्टीत एकही नव्हता, आणि आबा दिवसा घरी. ते परत साच्यावर उभे राहिले नाहीत.

आता फिनिक्स मिलच्या जागी मॉल आहे, कमला मिलच्या आवारात कचेऱ्या आणि हॉटेलं. चाळींचाही पुनर्विकास चाललाय, ५०० चौरस फुटांची घरं मिळायची आहेत. चाळी राहाव्यात असं मी म्हणणार नाही. आजी चाळीस वर्षं बादली घेऊन त्या सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभी राहिली, सांधे धरल्यावरसुद्धा. तिच्या नातसुनेला ते नको.

आमची इमारत अजून उभी होती. खोली आता मामेभावाकडे आहे. बोचकी बांधून तो तयारीत बसलाय. माळा रिकामा केलेला. मी शिडीवर चढून पालथी झाले आणि खाली बघितलं. मोरीपाशी वहिनी तांदूळ धूत होती, भिंतीशी प्लास्टिकचे ड्रम.

दुपारी दारात बसलो. बाजूच्या जागेत पायलिंगचं मशीन धडधडायला लागलं, काही म्हणता काही ऐकू येईना. भावाने खांद्याला हात लावला आणि ओठ हलवले, ‘कधी निघणार?’

मी दोन बोटं दाखवली आणि तशीच, आवाज न काढता म्हणाले, ‘परवा.’