माझा अनुभव - केमो, इम्युनोथेरपी आणि पांढऱ्या पेशींचे रिपोर्ट

फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला तेव्हा केमो आणि इम्युनोथेरपी दोन्ही एकत्रच सुरू झाली, दर 3 आठवड्यांनी सलाईन आणि त्याआधी सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी). घरचे सगळे टोटल काउंट, म्हणजे एकूण पांढऱ्या पेशी, बघायचे पण आमच्या डॉक्टर मॅडमची नजर थेट खाली जायची, त्यातले न्यूट्रोफिल किती, लिम्फोसाइट किती.

न्यूट्रोफिल म्हणजे इन्फेक्शनशी पहिल्यांदा भिडणाऱ्या पेशी. केमो भराभर वाढणाऱ्या पेशी मारते, मग त्यात रक्तपेशी तयार करणारा बोनमॅरोपण (हाडातला मगज) सापडतो, आणि न्यूट्रोफिलचं आयुष्यच थोडं त्यामुळे ते लवकर घसरतात, साधारण 7 ते 14 दिवसांत सगळ्यात खाली. टोटल काउंटला न्यूट्रोफिलच्या टक्क्यांनी गुणलं की येतो तो एएनसी, म्हणजे न्यूट्रोफिलचा प्रत्यक्ष आकडा, तो 500 च्या खाली गेला की फार जपायला लागतं. माझा गेला आणि रात्री ताप 101, आम्हाला आधीच बजावलेलं होतं की 100.4 च्या वर गेला तर घरी गोळी घेऊन वाट बघायची नाही, तसेच निघालो, ॲडमिट, शिरेतून अँटिबायोटिक. पुढचा डोस लांबला. नंतरच्या प्रत्येक केमोनंतर 24 तास उलटले की काउंट वाढवायचं इंजेक्शन असायचं, त्याने कंबर आणि मांड्यांची हाडं इतकी ठणकायची की झोप नाही, पण ताप परत आला नाही.

लिम्फोसाइटचं काम वेगळंच. त्यातल्या टी पेशी कॅन्सरच्या पेशी मारू शकतात, पण गाठ त्यांच्यावरचा पीडी-1 नावाचा ब्रेक दाबून ठेवते आणि इम्युनोथेरपीचं औषध तो ब्रेक सोडवतं. ॲलिसन आणि होंजो या शास्त्रज्ञांना 2018 चं नोबेल असे ब्रेक सोडवून कॅन्सरवर उपचार करता येतात या शोधासाठी मिळालं, हे वाचलं तेव्हा खरंच भरून आलं, कारण त्याच शोधातून आलेलं औषध माझ्या हातात चढत होतं.

एकदा काउंट एकदम वाढलेला आला, घरात आनंद. मॅडम म्हणाल्या हा डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा परिणाम, केमोच्या आदल्या दिवसापासून त्या गोळ्या असतात, त्याने न्यूट्रोफिल वर जातात आणि लिम्फोसाइट खाली, म्हणजे आकडा मोठा दिसला तरी ताकद वाढली असं नाही. लिम्फोसाइटच्या मानाने न्यूट्रोफिल फार जास्त असतील तर इम्युनोथेरपीचा रिस्पॉन्स सरासरीने कमी दिसतो असंही त्यांनी सांगितलं (गाठीभोवतीचे काही न्यूट्रोफिल टी पेशींना दाबतात म्हणे), पण त्यावरून एका पेशंटचं भविष्य ठरवत नाहीत, आणि रक्तातल्या टी पेशींवरून गाठीत किती शिरल्यात ते कळत नाही. स्कॅनच बघायचा. माझ्या पहिल्या स्कॅनमध्ये गाठ बरीच लहान झालेली दिसली!!

मोकळ्या झालेल्या टी पेशींनी माझ्या थायरॉइडवरही हल्ला केला, आता रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेते. केमो संपलीय, इम्युनोथेरपी चालू आहे, पुढच्या डोसआधी सीबीसीबरोबर टीएसएचपण (थायरॉइडची रक्ततपासणी) करायचंय.