खुनी कोण ते सांगू नकोस हं!

जर्मनीत आले त्या पहिल्याच महिन्यात शेजारच्या काकूंनी बजावलं होतं, रविवारी रात्री सव्वाआठला कुणाला फोन करायचा नाही. तेव्हा एआरडी वाहिनीवर टाटऑर्ट लागतं. पोलिसांची मालिका, 29 नोव्हेंबर 1970 ला सुरू झाली ती अजून चालू आहे, दर वेळी दीड तासाची अख्खी गोष्ट, आणि शहर बदलत राहतं, एका रविवारी म्युन्स्टर तर पुढच्या रविवारी कोलोन.

काकू सांगतात, पूर्वी सोमवारी ऑफिसात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न हाच, काल बघितलंस का? आता सोमवारपर्यंत कोण थांबतंय. आमच्या कोपऱ्यावरच्या बिअरच्या दुकानात रविवारी मोठा पडदा लावतात, खुनी कोण वाटतो ते चिठ्ठीवर लिहून द्यायचं असतं, मी पहिल्यांदा गेले तर निम्मी माणसं मान खाली घालून मोबाईलवर टाटऑर्टचा हॅशटॅग वाचत होती, एखादी पोस्ट कुणी मोठ्यानं वाचली की अख्खं टेबल हसायचं. मला ते आवडलं, अगदी मनापासून. सगळा देश एकाच वेळी एकच गोष्ट बघतोय म्हणूनच हे जमतं ना. माझ्या टीममधली पोरं मात्र मेडियाथेकवर, म्हणजे वाहिनीच्या ऑनलाइन साइटवर, सवडीनं बघतात, त्यामुळे सोमवारी विषय निघाला की ती कानात हेडफोन घालतात.

आणि मीही तेच केलं होतं की. तिकडे भारतात आईची सिरीयल रात्री आठला लागते, मी ती अ‍ॅपवर टीव्हीच्या आधीच बघायचे आणि एकदा फॅमिली ग्रुपवर पुढचं सगळं लिहून टाकलं. आई फोनवर एवढंच म्हणाली, "आता मी शेजारच्या वहिनींशी काय बोलू गं?" फार लागलं मला ते.

तेव्हापासून तिच्याबरोबरच बघते. उन्हाळ्यात तिचे आठ म्हणजे माझे साडेचार, तोवर मी घरी पोचलेली असते, जाहिराती लागल्या की तिचा व्हॉइस मेसेज येतो, "ती सासू खोटं बोलतीये, लिहून ठेव." ऑक्टोबरच्या शेवटी इथली घड्याळं तासभर मागे गेली, आता साडेतीनला मी ऑफिसातच. म्हटलं आई, तू बघ, मी रात्री बघते. तर म्हणाली, "मी मेसेज तेव्हाच पाठवते, तू बघताना एकेक ऐक, पुढचा आधी उघडू नकोस."