सेल्फ फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही

माझी गाडी मल्टिपॉइंट इंजेक्शनची, म्हणजे प्रत्येक सिलिंडरसाठी पेट्रोल फवारणारा वेगळा इंजेक्टर असलेली आहे; ती पेट्रोलवर सुरू होते आणि इंजिन थोडे गरम झाले की आपोआप सीएनजीवर जाते. गेल्या हिवाळ्यात, नाशिकच्या थंडीत, ती सकाळी सुरू व्हायला त्रास देऊ लागली. सेल्फ जोमाने फिरायचा, इंजिन मात्र पेट घेत नसे; बराच वेळ सेल्फ मारल्यावर ते एकदाचे सुरू व्हायचे आणि मग दिवसभर त्याची काहीही कुरकुर नसायची. दिवस थंडीचे असल्यामुळे ज्याला विचारावे तो बॅटरीकडे बोट दाखवत होता. एका गॅरेजमध्ये तर बॉनेट उघडण्यापूर्वीच मला नव्या बॅटरीची किंमत सांगण्यात आली.

बॅटरीचे निदान मला पटत नव्हते. सेल्फ मंद फिरत असेल किंवा नुसता टकटक आवाज येत असेल, तर बॅटरी, तिचे टर्मिनल, अर्थिंगची वायर आणि स्टार्टर यांच्याकडे पाहावे लागते. पण सेल्फ व्यवस्थित फिरूनही इंजिन पेटत नसेल, तर ठिणगी, इंधन, हवा किंवा कॉम्प्रेशन यांपैकी काहीतरी कमी पडत असते. तरीही नुसत्या तर्कावर विसंबू नये म्हणून मल्टिमीटर लावला. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी १२.५ व्होल्ट दाखवत होती आणि सेल्फ फिरत असतानाही आकडा दहाच्या खाली उतरला नाही. तो साडेनऊच्या आसपास घसरला असता, तर मी निमूटपणे नवी बॅटरी घेतली असती.

त्यानंतर गाडी केव्हा त्रास देते आणि केव्हा देत नाही, हे मी वहीत लिहून ठेवू लागलो, आणि खरा उपयोग या नोंदींचाच झाला. चहापुरते थांबून पुन्हा चावी फिरवली की गाडी लगेच सुरू व्हायची; मात्र कार्यालयाबाहेर भर उन्हात चार-पाच तास उभी राहिली, तरी सकाळसारखेच रडगाणे सुरू व्हायचे. म्हणजे संबंध थंडीशी नव्हता, उभे राहण्याच्या वेळेशी होता. गाडीच्या संगणकाने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर जोडून पाहिला, तेव्हा एकही कोड आढळला नाही. थंड इंजिनचे कूलंट सेन्सरने दाखवलेले तापमान बाहेरच्या हवेशी जुळत होते, त्यामुळे चुकीच्या तापमानामुळे इंधन कमी सोडले जात असावे, ही शंकाही फिटली. कोड नाही म्हणजे दोष नाही, असे अनेकजण मानतात. पण या प्रकारच्या बहुतेक गाड्यांमध्ये पेट्रोलचा दाब मोजणारा सेन्सरच नसतो, आणि जे मोजलेच जात नाही त्याबद्दल गाडीचा संगणक तक्रार तरी कशी करणार?

मग एक बिनखर्चाचा प्रयोग केला. चावी ‘ऑन’वर नेली की पाइपमध्ये पेट्रोलचा दाब तयार करण्यासाठी टाकीतला पंप दोन-तीन सेकंद चालून थांबतो, मागच्या सीटजवळ कान दिल्यास त्याची घरघर ऐकू येते. सकाळी सेल्फ न मारता चावी तीन वेळा ऑन-ऑफ केली आणि मगच सेल्फ मारला, तर इंजिन तत्काळ सुरू झाले. पाइपमध्ये रात्रभर दाब टिकत नाही, याचा हा जवळजवळ पुरावाच होता.

पुढचे काम ओळखीच्या मेस्त्रींकडे नेले. त्यांनी पेट्रोलच्या लाइनवर प्रेशर गेज बसवले आणि गेज व टाकी यांच्यामध्ये एक छोटा व्हॉल्व्ह जोडला. माझ्या गाडीत दाब साधारण ३ बार असायला हवा. पहिल्या चावीला काटा जेमतेम निम्म्यावर पोहोचला, तिसऱ्या चावीला तो ३ बारपर्यंत गेला आणि अर्ध्या तासात पुन्हा शून्यावर आला. इंजेक्टर गळत असते, तरीही दाब असाच उतरला असता; म्हणून दाब पुन्हा चढवून व्हॉल्व्ह बंद केला. इंजिनाकडचा काटा जागचा हलला नाही. प्लग काढून पाहिले, तर ते कोरडे होते, पेट्रोलचा वास नव्हता. गळती टाकीच्या बाजूला, म्हणजे पंपाच्या तोंडाशी असलेल्या, पेट्रोल मागे येऊ न देणाऱ्या एकदिशा व्हॉल्व्हमधून किंवा तिथेच बसवलेल्या, दाब ठरावीक राखणाऱ्या रेग्युलेटरमधून होती. दोन्ही भाग एकाच असेंब्लीत येत असल्यामुळे आणखी खोलात जाण्याचे कारण उरले नाही.

दाब इतका हळू का चढतो, हा प्रश्न मात्र शिल्लक होता. पंपाच्या कनेक्टरवर बॅटरीइतकाच व्होल्टेज मिळत होता, त्यामुळे वायरिंग निर्दोष ठरले. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून आणि सीएनजीचा व्हॉल्व्ह बंद करून पंप बाहेर काढला, तेव्हा त्याची जाळी काळ्या गाळाने भरलेली दिसली. हल्ली अशा वेळी सगळे खापर पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलवर फोडले जाते; मेस्त्रींचे मत वेगळे पडले. ‘साहेब, सीएनजीवाले टाकीत पेट्रोल ठेवतच नाहीत. पंप पेट्रोलात बुडालेला असला, तरच थंड राहतो,’ असे ते म्हणाले. माझ्या गाडीत सीएनजीवर असतानाही हा पंप चालूच राहतो, हेही तेव्हाच कळले. पंप अशक्त झाल्याचे चालवताना जाणवणे शक्यच नव्हते, कारण पेट्रोलवर गाडी सकाळचे पहिले काही मिनिटेच असायची. एरवी चढावर पिकअप कमी पडून शंका आली असती.

नवा पंप, जाळी आणि झाकणाखालची रबरी रिंग बसवल्यावर गेज तसेच लावून ठेवले. काटा पहिल्याच चावीला ३ बारवर गेला आणि तासाभराने पाहिले, तेव्हा थोडाच खाली आला होता. खर्च बॅटरीच्या किमतीहून अधिकच झाला. आता टाकी पाव भरलेली ठेवतो आणि आठवड्यातून एकदा गंगापूर धरणापर्यंत मुद्दाम पेट्रोलवर जाऊन येतो.