गव्हावर दळलेली ज्वारी

दोन वर्षं हिमोग्लोबिन आठ-साडेआठच्या वर सरकत नव्हतं. लोहाच्या गोळ्या, खजूर, बीट, लोखंडी कढई, सगळं करून झालं. पोट फुगायचं, ते ‘गॅसेस’ म्हणून सोडून दिलेलं. शेवटी पोटाच्या डॉक्टरांनी रक्ताची टीटीजी-आयजीए तपासणी लिहून दिली. आकडा चांगलाच वर आला आणि ‘सिलिअ‍ॅक’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला: गहू न सोसणारा आजार.

त्याच रात्री पोळी बंद करणार होते. डॉक्टर म्हणाले, “एवढ्यात नको. गहू थांबवला की आतडं सावरायला लागतं, मग बायॉप्सीत नीट कळत नाही.” त्यामुळे बाधतंय हे माहीत असून तीन आठवडे रोज दोन पोळ्या खाल्ल्या! एंडोस्कोपीचा धसका मात्र उगाच घेतला होता. उपाशीपोटी जायचं, घसा बधिर करायला फवारा, दहा-पंधरा मिनिटांत मोकळं. लहान आतड्याच्या सुरुवातीचे बारीक तुकडे काढले. तिथे अन्नरस शोषणारी मखमलीसारखी लव असते, ती माझी झिजून सपाट झाली होती. लोह अंगी लागणार कुठून?

“तूप लावून खा, काही होत नाही,” मावशी म्हणाली. ही साधी अ‍ॅलर्जी नाही, ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं प्रथिन, पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच आतड्यावर उठतं, हे तिला अजून पटलेलं नाही.

पोळी सोडणं जड गेलं नाही, मी भाकरीवरच वाढलेली. पण सहा महिन्यांनी टीटीजी हवा तेवढा उतरला नव्हता. आहारतज्ज्ञ बाईंनी स्वयंपाकघरातला एकेक डबा विचारला. मेतकुटात गहू. हिंगाच्या डबीवर, बारीक अक्षरांत, गव्हाचं पीठ; म्हणजे रोजच्या फोडणीत! आणि ज्वारी? ती कोपऱ्यावरच्या गिरणीत गव्हावरच दळली जायची. “ताई, पसाभर तर पीठ मिसळतं,” गिरणीवाले काका हसले. पाकिटावर ‘ग्लुटेनमुक्त’ छापायला किलोमागे 20 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आणि इथे पसाभर!

घरघंटी घेतली. ‘गहू टाकू नये’ असं झाकणावर मार्करने लिहिलंय. घरच्यांच्या पोळ्यांचं पीठ काकांकडूनच येतं, त्यामुळे पोळपाट दोन, पराती दोन. मागच्या महिन्यात हिमोग्लोबिन 11.6 आलं.

मेतकूट तेवढं जमत नाही. गव्हाऐवजी तांदूळ वाढवून पाहिला, पण आईच्या हातची चव येत नाही.