थंड जिलबीच्या बाजूने

गेल्या महिन्यात दादरला एका लग्नाला गेले होते. हॉलच्या एका टोकाला पाटी लावलेली: 'लाइव्ह जिलबी'. आता मेलेली जिलबी कशी असते, हे मला माहीत नाही. पांढरी टोपी घातलेला एक मुलगा तईत भराभर वेटोळी सोडत होता आणि दुसरा ती पाकातून काढून, वर रबडी ओतून, वाट्या पुढे सरकवत होता. मी विचारलं, "रबडी नको, मठ्ठा कुठंय?" त्याने थेट हॉलच्या दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथे सरबतांच्या रांगेत, उंच काचेच्या ग्लासात, डोक्यावर पुदिन्याचं पान खोचून मठ्ठा उभा होता. मधे चाट, पास्ता आणि फोटोसाठी खोळंबलेली निम्मी वऱ्हाडी मंडळी. ताटातूट म्हणतात ती हीच.

माझ्या लहानपणी जिलबी जेवणानंतर नसायची, जेवणात असायची. मुलुंडला आमच्याकडची सगळी लग्नं पंगतीची. वरणभात झाला, मसालेभात आला, अळूची भाजी द्रोणातून ओघळून कोशिंबिरीला भेटून आली, की वाढपी परात घेऊन निघायचा. जिलबी पहाटेच, कधी तर आदल्या रात्रीच तळलेली. चार-पाचशे पानांची जिलबी ऐन वेळी कोण तळत बसणार? त्यामुळे पानात पडायची ती गारढोण, जाडसर, किंचित मऊ पडलेली. वनस्पती तुपाचा पातळ थर टाळूला चिकटायचा, हे कबूल करते. पण रात्रभर आंबलेल्या मैद्याची ती हलकी आंबट चव आणि नळीत मुरून बसलेला पाक थंड जिलबीतच नीट कळतो. गरम जिलबीत आधी जीभ भाजते, मग कुरकुरीतपणा कळतो आणि चवीचा नंबर लागेपर्यंत जिलबी संपलेली असते.

आणि सोबत मठ्ठा. आलं, मिरची, कोथिंबीर, जिरं, हिंग आणि नावाला साखर. तुकडा मोडायचा, मठ्ठ्यात अर्धा क्षण बुडवायचा आणि तोंडात टाकायचा. आमच्यातले एक काका पैजेने जिलब्या खायचे. ते म्हणायचे, "मठ्ठा जिलबीचा विरोधी पक्ष नाही गं, त्याचा बाहेरून पाठिंबा आहे." एक घोट घेतला की जीभ धुऊन निघते आणि गोडाची ओ आलेला माणूस पुढच्या जिलबीला तयार होतो. "अहो, एक तरी घ्या" म्हणत आग्रह करणाऱ्यांची सगळी भिस्त या घोटावर असायची.

आमच्या बिल्डिंगमध्ये निम्मी घरं गुजराती. दसऱ्याला फरसाणवाल्याकडे सकाळपासून रांग लागायची आणि शेजारच्या बेनकडून आमच्याकडे पुडा यायचा: फाफडा, बारीक तारेची जलेबी, कच्च्या पपईचा संभारो, तळलेल्या मिरच्या. आमच्याकडून त्यांच्याकडे श्रीखंडाची वाटी जायची. आई तो पुडा देवासमोर ठेवायची आणि दुपारी पानं मांडली की उघडायची. तोवर जलेबी गार आणि फाफडा वातड. एका वर्षी बेन नेमक्या त्याच वेळी वाटी परत द्यायला आल्या आणि आमच्या पानाकडे बघून कळवळल्या, "अरे, आ तो गरमागरम खवाय!" आई शांतपणे म्हणाली, "पण मग पाक कधी मुरणार?" दोघी एकमेकींकडे अशा बघत राहिल्या की जणू दुसरीने आयुष्यात जिलबी पाहिलेलीच नाही. बरं, त्यांच्याकडे आमचं श्रीखंड पुरीशिवाय, नुसतं चमच्याने संपवलेलं असायचं. त्याबद्दल आईने कधी चकार शब्द काढला नाही. मनातून मात्र फार लागलं होतं तिला.

फाफड्याचं गणित मला नोकरी लागल्यावर कळलं, अंधेरीला, ऑफिसबाहेरच्या गाडीवर उभं राहून खाताना. खारट, मग गोड, मग मिरची, पुन्हा खारट. आम्ही गोड धुऊन काढतो, ते गोडाला मिठाने डिवचतात. त्यासाठी जलेबी गरम आणि कुरकुरीतच हवी, हे पटलं. आईला मात्र सांगितलं नाही.

त्याच ऑफिसात बनारसचा एक सहकारी होता. त्याच्याकडे सकाळी कचौडीनंतर जलेबी, कधी दह्याबरोबर, आणि थंडीत गरम दुधात बुडवून. दुधात! माझा चेहरा बघून तो म्हणाला, "तुम लोग छाछ में डुबोते हो, वो ठीक है?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. इंदूरच्या मुलीने तर पोह्यांबरोबर जिलबी खातात असं सांगितलं आणि वर विचारलं, "मग तुम्ही पोह्यांबरोबर काय खाता?" म्हटलं, चहा. तिला आमची दया आली. रमझानात मोहम्मद अली रोडला मिळते ती बुऱ्हाणपुरी पद्धतीची मावा जिलबी तर काळपट, जाडजूड, गुलाबजामची चुलत बहीण शोभेल अशी. तिला सोबत कोणीच लागत नाही. एक संपवून दाखवा.

मूळ पद्धत कोणती म्हणून भांडायला जावं, तर तिथेही पंचाईत. शब्द अरबी-फारसी 'जलाबिया', 'जुलबिया'च्या कुळातला. इराणात आजही रमझानात रोजा सोडताना जुलबिया चहाबरोबर खातात. भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी जिलबीचा माग काढत इ. स. १४५० च्या सुमाराच्या एका जैन ग्रंथापर्यंत नेला, त्यात एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या मेजवानीत ती आहे. म्हणजे निदान साडेपाचशे वर्षं ती इथलीच. सोबत मठ्ठा होता का, एवढंच मला हवं होतं. (जिलब्या पाडणं म्हणजे काय ते आता तुमच्या लक्षात आलंच असेल. हा लेख त्याच घाण्यातला.)

सगळ्यांचं एकमत फक्त पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला. झेंडावंदन झालं की नाक्यावर टेबलं लागलेली, पाव किलो, अर्धा किलो, आणि सोसायटीच्या आवारात कागदी डिशमध्ये वेफर्स आणि दोन जिलब्या. ना फाफडा, ना दूध, ना मठ्ठा. बोटं मात्र सगळ्यांचीच चिकट.

तर दादरच्या हॉलमध्ये मी बिनरबडीच्या दोन जिलब्या घेतल्या, नवऱ्याला मठ्ठा आणायला पिटाळलं आणि एसीच्या झोताखाली वाटी धरून उभी राहिले. पाच मिनिटं गेली. तो टोपीवाला मुलगा लांबून बघत होता. शेवटी न राहवून आला, "मॅडम, गार झाली असेल, द्या, गरम देतो." मी वाटी पटकन पदराआड घेतली. तो बिचारा आणखीच गोंधळला.

नवरा ग्लास घेऊन आला. तोंड इतकं अरुंद की अख्खी जिलबी आत जाणं शक्य नव्हतं. मी पुदिन्याचं पान काढून त्याच्या हातात दिलं आणि तुकडा मोडला.