‘ह्यात दारू नाहीये, घे की’: श्टुटगार्टमधला माझा अनुभव

दारू सोडलेल्या माणसाने नॉन-अल्कोहोलिक बिअर प्यावी का, हा प्रश्न पुण्यात असताना मला कधी पडला नव्हता. तो पडला जर्मनीत. तिथे ही बिअर आपल्याकडच्या सोड्यासारखी जागोजागी मिळते आणि लोक ती चांगल्या मनाने, आग्रहाने पुढे करतात. दारू सोडून परदेशी कामाला जाणाऱ्या कुणालाही हा प्रसंग येणार, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझं सगळं पिणं बिअरचं. चाकणच्या कारखान्यातून सुटल्यावर कंपनीच्या बसमधून उतरायचं, वाइन शॉपमधून स्ट्राँगच्या मोठ्या बाटल्या घ्यायच्या आणि घरी यायचं. ‘बिअर म्हणजे काय दारू आहे का’ असं आमच्याकडे सगळेच म्हणतात, त्यामुळे ते बराच काळ चाललं. पुढे सकाळी हात थरथरायला लागले, घास जाईना, तेव्हा मेहुण्याने पुढाकार घेऊन मला व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. तिथे डिटॉक्स, समुपदेशन, ग्रुप आणि बाहेर पडल्यावर फॉलोअप. रोज सकाळी डायसल्फिरामची गोळी (ही चालू असताना दारू प्यायली की अंगावर उलटते) बायकोसमोर घ्यायची आणि ए.ए.च्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या, मीटिंगला जायचं. याच्या जोरावर वर्षाच्या आसपास सोबर होतो, तेव्हा कंपनीने नव्या लाइनच्या कामासाठी मला श्टुटगार्टला पाठवायचं ठरवलं.

डॉक्टरांनी जायला हरकत घेतली नाही, पण गोळ्यांची व्यवस्था आधी ठरवून दिली. उन्हाळी वेळेनुसार जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. माझे सकाळचे सात म्हणजे घरी साडेदहा. त्या वेळी व्हिडिओ कॉल करायचा आणि बायकोने विचारायचं, “अहो, गोळी घेतलीत?” मी तिच्यासमोर पाण्याबरोबर घ्यायची. पुण्यात चालायचं तसंच.

पहिल्याच आठवड्यात शुक्रवारी काम संपल्यावर टीममधले सगळे कँटीनच्या मागच्या अंगणात जमले. मी दारू घेत नाही हे टीम लीडरला आधीच सांगितलं होतं, कारण मात्र सांगितलं नव्हतं. त्याने मुद्दाम माझ्यासाठी अल्कोहोलफ्राय, म्हणजे नॉन-अल्कोहोलिक, गव्हाची बिअर आणून ठेवली होती. मला एकट्याला पाणी पीत बसावं लागू नये एवढाच त्याचा हेतू, आणि त्या हेतूबद्दल मला आजही आदर आहे. त्याने उंच ग्लास तिरका धरून बाटली ओतली, तळाशी उरलेलं गोल फिरवून वरून फेस सोडला आणि ग्लास माझ्यापुढे ठेवला. वास नाकात गेला मात्र, तोंडाला पाणी सुटलं, खांदे सैल पडले आणि पोटात ती जुनी ऊब हलल्यासारखी वाटली. अजून एक थेंबही जिभेला लागला नव्हता. शरीर इतकं पुढे निघून गेलेलं पाहून मी ग्लास हलकेच बाजूला सारला आणि म्हणालो, “आज पाणीच घेतो.” कुणी काही विचारलं नाही.

खोलीवर आल्यावर आकडे मांडून बसलो. प्रोसेस इंजिनियरची सवय. जर्मनीत 0.5 टक्क्यापर्यंत अल्कोहोल असलं तरी बाटलीवर अल्कोहोलफ्राय लिहिता येतं. त्यापेक्षाही कमी, म्हणजे 0.0 लिहिलेल्या वेगळ्या बाटल्या असतात. भारतातही 0.5 टक्क्याच्या वर गेलं तरच ते पेय अन्नसुरक्षा नियमांत मद्य धरलं जातं. तिथली बाटली अर्ध्या लिटरची. 0.5 टक्के धरले तर त्यात अडीच मिलिलिटर, म्हणजे साधारण दोन ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. मी ज्या स्ट्राँग बाटल्या घ्यायचो त्या 650 मिलिलिटरच्या, आठ टक्क्यांच्या. त्यात साधारण 41 ग्रॅम. म्हणजे माझ्या एका बाटलीइतकी दारू पोटात जायला अल्कोहोलफ्रायच्या वीस बाटल्या लागतील, आणि निरोगी यकृत ते दोन ग्रॅम पंधरा-वीस मिनिटांत निस्तरतं. एक सहकारी म्हणाला होता की पिकलेल्या केळ्यात, पावात, सफरचंदाच्या रसातही एवढंतेवढं अल्कोहोल असतं. ते खरंच आहे. नशा चढण्याच्या हिशोबाने पाहिलं तर ही बिअर जवळपास निरुपद्रवी आहे, हे मान्य करूनच पुढचं बोलायला हवं. ‘त्यात लपून दारू असते’ असं घाबरवून कुणाला थांबवता येत नाही. तो बाटलीवरचा आकडा दाखवतो आणि वाद जिंकतो.

पण केळं खाताना माझे खांदे सैल पडत नाहीत.

ही बिअर बनते कशी हे वाचलं तेव्हा गोष्ट जास्त स्पष्ट झाली. काही ठिकाणी आंबवण्याची क्रिया मध्येच थांबवतात, म्हणजे अल्कोहोल फारसं तयारच होत नाही. काही ठिकाणी पूर्ण बिअर बनवून तिच्यातून अल्कोहोल काढतात. एरवी अल्कोहोल 78 अंशांना उकळतं, निर्वात केलेल्या टाकीत ते कितीतरी कमी तापमानाला निघून जातं आणि चव शिजत नाही. उडून जाणारा सुगंध पकडून पुन्हा त्यात मिसळण्याचीही सोय असते. तंत्र म्हणून मला ते फार आवडलं. हे सगळं कौशल्य वास, कडवटपणा, फेस, बाटलीचा आकार आणि लेबल हुबेहूब बिअरचं ठेवण्यासाठी खर्च होतं. गाडी चालवणाऱ्याला किंवा पिणं कमी करू पाहणाऱ्याला ते सोयीचं आहे. माझ्या मेंदूला मात्र वर्षानुवर्षं याच वासानंतर पुढची गोष्ट मिळत आलेली होती.

रविवारी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती गोळीची. डायसल्फिराम यकृतातल्या एका विकराचं (एन्झाइमचं) काम रोखतं. त्यामुळे अल्कोहोलपासून बनणारं अ‍ॅसिटाल्डिहाइड पुढे मोडत नाही, साचत जातं. मग चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरू शकतो. म्हणूनच या गोळीवर असताना अल्कोहोल असलेलं कफ सिरप, माउथवॉशसुद्धा टाळायला सांगतात. गोळी बंद केल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. अर्ध्या टक्क्याने प्रत्येकाला त्रास होईलच असं नाही, पण एकट्या माणसाने परदेशातल्या खोलीत तो प्रयोग करू नये, असं ते स्वच्छ म्हणाले. याच कारणाने त्यांनी जेवणाचीही आठवण करून दिली. आपण वाढदिवसाला आणतो तो ब्लॅक फॉरेस्ट केक तिथे किर्शवासर नावाची चेरीची दारू घालून बनतो, आणि काही सॉसमध्ये वाइन असते. त्यानंतर मी ऑर्डर देण्याआधी विचारायला लागलो. वेटर अगदी सहज सांगतात, लाजायचं कारण नाही.

दुसरी गोष्ट त्यांनी विचारली, “घरात कुणी पिणारं होतं का?” वडील होते. तेव्हा त्यांनी अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाच्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. तो 2013 साली प्रसिद्ध झाला. 49 पुरुषांना पंधरा मिनिटांत जेमतेम 15 मिलिलिटर बिअर थोडी थोडी तोंडात देऊन त्यांच्या मेंदूचं स्कॅन केलं. एवढ्याने नशा येणं शक्यच नाही, तरी नुसत्या चवीने डोपामिन वाढलं. ज्यांच्या घरात दारूचं व्यसन होतं त्यांच्यात ते जास्त वाढलं. त्या शुक्रवारी अंगणात मला काय झालं होतं ते मला इथे कळलं. तलफ चवीने, वासाने, ग्लासाच्या आकाराने जागी होते. त्यासाठी दारू पोटात जावी लागत नाही.

श्टुटगार्टमध्ये ए.ए.च्या इंग्रजी मीटिंगला जायला लागलो. तिथे हा विषय काढल्यावर एकमत झालं नाही, आणि ते मला प्रामाणिक वाटलं. एक वयस्क गृहस्थ कित्येक वर्षांपासून सोबर आहेत आणि जेवणाबरोबर अल्कोहोलफ्राय घेतात, काही बिघडलेलं नाही. दुसऱ्या एकाने सांगितलं की तो आधी एक घ्यायचा, मग संध्याकाळी चार-पाच घ्यायला लागला. त्या घेऊनही काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं, आणि ते राहून गेलेलं शोधत तो एका रात्री खऱ्या बिअरपर्यंत पोचला. पुन्हा डिटॉक्सला जावं लागलं. दोघांनाही मी खोटं म्हणणार नाही. मात्र आपण त्या दोघांपैकी कोण आहोत हे पिऊन बघितल्याशिवाय कळत नाही, आणि बघण्याची किंमत माझ्या बाबतीत नोकरी, घर आणि यकृत इतकी होती. ज्याला व्यसन नाही, नुसतं पिणं कमी करायचंय, त्याने खुशाल घ्यावी. दारूवर अवलंबून राहिलेल्या माणसाने, निदान पहिली काही वर्षं, अजिबात घेऊ नये असं माझं ठाम मत झालंय. आणि डायसल्फिराम चालू असेल तर मतांचा प्रश्नच येत नाही.

टीम लीडरला मी पुढच्या आठवड्यात बाजूला घेऊन खरं सांगितलं: मला दारूचा आजार आहे, उपचार चालू आहेत, आणि बिअरसारखं काहीच माझ्यासाठी आणू नका. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला की त्याच्या काकांनाही हाच त्रास होता. पुढच्या शुक्रवारी माझ्यापुढे आप्फेलशोर्ले आली, सफरचंदाचा रस आणि सोडा. ती मला मनापासून आवडली. जर्मनीच्या हॉटेल-कायद्यात एक चांगली तरतूदही आहे: दारू विकणाऱ्याला निदान एक बिनदारूचं पेय सगळ्यात स्वस्त दारूपेक्षा महाग न लावता ठेवावं लागतं. आपल्याकडे बारमध्ये पाण्याच्या बाटलीला काय मोजावं लागतं ते आठवलं की हा नियम इथेही यावा असं फार वाटतं. सप्टेंबरअखेरीस नेकार नदीच्या काठी कानश्टाटची मोठी जत्रा भरते, बिअरच्या तंबूंची. तिथे टीमबरोबर जायचं मी टाळलं, त्या संध्याकाळी झूमवर मराठी मीटिंगला बसलो.

परत आलो तर पुण्यातल्या सुपरमार्केटमध्येही त्या बाटल्या कोल्ड्रिंकच्या फ्रिजमध्ये दिसायला लागल्या होत्या. परमिट नको, ड्राय डे नाही, कुणीही उचलावी. दिवाळीत पुतण्याने माझ्यासाठी म्हणून दोन आणल्या, “काका, झीरो आहे.” मी त्याला समजावून सांगितलं आणि त्याने त्या तशाच परत नेल्या. तो गेल्यावर बायको जे बोलली ते मात्र ना जर्मनीत कुणी सांगितलं होतं ना मला सुचलं होतं. ती म्हणाली, “तुम्हाला झीरो असेल हो. पण तुमच्या तोंडाला तो वास आला की माझ्या नाकाला फरक कसा कळणार? मी परत रात्रभर जागी राहणार, आणि पोरगी तुमची बाटली बघून गप्प होणार.”

आता फॉलोअपच्या ग्रुपमध्ये कुणी हा प्रश्न विचारला की मी 0.5 टक्क्याचा हिशोब सांगतो, गोळीचं सांगतो, आणि त्याला म्हणतो की फ्रिज उघडण्याआधी घरच्यांना एकदा विचार.