कोजागिरी ८६, जुनी गाणी

काल दुपारी माळ्यावरून आकाशकंदील काढायला चढले आणि हाताला लागला बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. आत तीन कॅसेट, एक काडी तुटलेला चष्मा आणि बऱ्याचशा किल्ल्या (आमच्याकडे कुलपं कमी आणि किल्ल्या जास्त हे पहिल्यापासूनच). दोन कॅसेटवर काही लिहिलेलं नाही, तिसरीवर बाबांच्या तिरप्या अक्षरात 'कोजागिरी ८६, जुनी गाणी'. मागचे दोन्ही प्लॅस्टिकचे कान मोडलेले, म्हणजे वरून कोणी काही टेप करू नये म्हणून. मग काय, कंदील राहिला बाजूला, शिडीवरच बसले.

बाबांचं एक होतं. गाणं लागलं की चार गोष्टी सांगता आल्याच पाहिजेत. पिक्चर, गायक, संगीतकार, साल. गीतकार आला तर बोनस. सकाळी साडेसातला रेडिओ सिलोन लागायचं, जुन्या सिनेमांची गाणी, ट्रान्झिस्टर खिडकीत, बाबा दाढी करतायत, शॉर्टवेव्हचा आवाज लांब जायचा परत जवळ यायचा, आणि निवेदकाने तोंड उघडायच्या आत आम्ही उत्तर द्यायचं. चुकलं तर शिक्षा वगैरे काही नव्हती. फक्त ब्रश थांबायचा आणि फेसाच्या गालांनी बाबा आरशातून बघायचे. ते फार वाईट असायचं. शेवटचं गाणं रोज सैगलचं, तेवढं एक फुकट मिळायचं, म्हणून मी ते मुद्दाम शेजारी ऐकू जाईल एवढ्या जोरात सांगायचे.

साल मात्र मला कधीच यायचं नाही. मग मी युक्ती काढली, काहीही लागलं की ठोकून द्यायचं, एकोणपन्नास! आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा बरोबर यायचं. कारण त्या वर्षी काय नव्हतं हो? १९४९ म्हणजे 'महल', 'अंदाज', 'दुलारी', 'बडी बहन', 'पतंगा', 'दिल्लगी', 'लाहोर', लारालप्पावाला 'एक थी लडकी', सगळं एकाच वर्षात. बाबा म्हणायचे त्या वर्षी गाण्यांचा नुसता पाऊस होता, आणि मग स्वतःच हसत, 'बरसात' पण त्याच वर्षीचा ना! हा विनोद मी किमान शंभर वेळा ऐकलाय आणि काल शिडीवर बसून मीच एकटीने परत केला.

एकोणपन्नासमध्ये बाबांचे खास सापळेही होते. 'अंदाज'मध्ये दिलीपकुमार आणि राज कपूर दोघंही आहेत, मग मुकेशचा आवाज कोणाला? राज कपूरला, असं म्हटलं की संपलं. त्यात मुकेश गातो दिलीपकुमारला आणि राज कपूरला चक्क रफी. आणि त्याच वर्षी 'बरसात'मध्ये मुकेश परत राज कपूरकडे. संगीतकार शंकर-जयकिशनचा तर तो पहिलाच पिक्चर. दुसरा सापळा 'पतंगा'चा. रंगूनहून टेलिफोन येतो ते गाणं, शमशाद बेगमबरोबर कोण गातंय? चितळकर. संगीत कोणाचं? सी. रामचंद्र. बरं मग हे दोघं कोण? एकच! रामचंद्र नरहर चितळकर, आपल्या पुणतांब्याचा माणूस, गाताना चितळकर आणि चाल लावताना सी. रामचंद्र. 'आपल्या पुणतांब्याचा' म्हणताना बाबांचा आवाज असा काही चढायचा की पुणतांब्याला आमची जमीन असावी. आमचं तिथे कोणीही नव्हतं.

'बडी बहन'मधलं 'चुप चुप खडे हो' लागलं की मी घाईघाईने लता म्हणायचे. ब्रश थांबायचा. लता आणि? प्रेमलता. दोघी गातात त्यात. ही प्रेमलता कोण, पुढे काय झालं तिचं, हे मी कधी विचारलं नाही आणि बाबांनीही कधी सांगितलं नाही. नाव आलं ना, झालं. पुढचं गाणं.

पण खरी गोष्ट 'महल'ची. 'आएगा आनेवाला'ची तबकडी आली तेव्हा तिच्यावर गाणारीचं नावच नव्हतं. नाव होतं 'कामिनी', म्हणजे पडद्यावरच्या मधुबालाच्या पात्राचं! लोकांनी गाणं डोक्यावर घेतलं, रेडिओला पत्रांवर पत्रं, ही कामिनी कोण, आणि मग रेडिओवाल्यांनी रेकॉर्ड कंपनीला विचारून सांगितलं, लता मंगेशकर. वीस वर्षांची मुलगी. चाल खेमचंद प्रकाशांची, ते बिचारे पुढच्याच वर्षी गेले. मला लहानपणी या कामिनीचा भयंकर राग यायचा. गायलं एकीने, पडद्यावर ओठ हलवले दुसरीने आणि नाव लागलं तिसरीचं, जी मुळात नाहीच! तेव्हापासून जी खोड लागली ती लागलीच, थिएटरमध्ये शेवटची पाटी जाईपर्यंत मी उठत नाही, झाडूवाला येऊन उभा राहतो, घरचे बाहेर पार्किंगमध्ये माझ्या नावाने बोटं मोडत असतात.

तर कोजागिरी. तेव्हा आम्ही साताऱ्याला एका वाड्यात भाड्याने राहायचो, सात बिऱ्हाडं आणि गच्ची एक. बाबांनी टेपरेकॉर्डर स्टुलावर ठेवलेला, चार मोठे सेल घालून, कारण लाईटचा भरवसा नाही. आणि लाईट गेलीच. पातेल्यात दूध आटतंय, खाली सतरंज्या, कोणीतरी 'महल'चं गाणं म्हणा म्हणालं. बाबांना तेवढंच पाहिजे होतं, त्यांनी लगेच सांगायला घेतलं की आवाज लांबून येतोय असं वाटावं म्हणून लता खोलीच्या कोपऱ्यातून सुरुवात करायची आणि गात गात माईकपर्यंत चालत यायची. गाण्याच्या आधीच्या त्या संथ ओळी असतात ना, त्या. हे ऐकून आत्या उठली आणि अंधारात जिना उतरून गेली. बराच वेळ काही नाही. आणि मग खालून, अगदी खालून, विहिरीतून यावा तसा आवाज. मी आजीचा पदर धरला. एकेक पायरी चढत तो आवाज वर येतोय, मध्ये चौकात थांबला, परत सुरू, आणि गच्चीच्या दारात नुसती पांढरी साडी. कोणी हललं नाही. दूधही कोणी हलवलं नाही, ते खाली लागलं. त्या वर्षीचं मसाला दूध धुरकट लागत होतं, आणि अजूनही 'महल'चं गाणं ऐकलं की माझ्या जिभेवर आधी तो करपट वास येतो, मधुबाला नंतर.

शिडीवरूनच आत्याला फोन लावला, डोंबिवलीला. म्हटलं आत्या, तुझी कॅसेट सापडली, तू जिन्यातून गात आलेलीस ती.

"मी? मी कुठली गातेय," आत्या म्हणाली. "अगं मी खाली वेलदोड्याची पूड विसरलेली ती आणायला गेलेले. वर येऊन बघते तर दूध लागलेलं, त्यावरून तुझ्या आजीने दोन दिवस ऐकवलं मला. मला कुठे गाणं येतं?"

"मग कोण गायलं?"

"त्या नाही का, जिन्याखालच्या खोलीतल्या. मिस्टर एसटीत होते बघ. वर्षभरच होत्या, मग बदली झाली त्यांची. काय गळा होता गं!"

"नाव काय त्यांचं?"

आत्या थांबली. मागे तिच्या टीव्हीचा आवाज येत होता.

"वहिनीच म्हणायचो आपण सगळे."

"आडनाव?"

"एसटीवाल्या वहिनी. थांब, आठवलं की करते फोन."

अजून आलेला नाही. घरात कॅसेट वाजवायला काही नाही, कंदीलही माळ्यावरच आहे. डब्यात परत टाकायच्या आधी लेबल नीट उलटंपालटं करून बघितलं, आतल्या बाजूला काही आहे का म्हणून. नाही. साल तेवढं लिहिलंय बाबांनी.